तहसीलदाराला विचारता ते वर्ल्ड बँकेला का नाही? जागतिक प्रशासकीय कायद्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलएलबीची मुलं, यूपीएससीवाले, आणि अधूनमधून एखाद्या प्रकल्पग्रस्त घरातला कोणीतरी, असे सगळे मिळून फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात, म्हणून एकदाच लिहून टाकलं. सोपे आधी, वाकडे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे नंबर दिलाय.

१. हा विषय नक्की काय आहे, सोप्या भाषेत सांगा ना?

तहसीलदाराने रेशनकार्ड रद्द केलं तर आपण काय विचारतो? नोटीस दिली होती का, माझं म्हणणं ऐकलं का, ऑर्डरमध्ये कारण लिहिलंय का, आणि अपील कुठे करायचं. हेच चार प्रश्न सुरक्षा परिषदेच्या समितीला, वर्ल्ड बँकेला, जागतिक आरोग्य संघटनेला नाहीतर वाडाला (जागतिक डोपिंगविरोधी संस्था) विचारायचे, बास. २००५ च्या सुमारास न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत बेनेडिक्ट किंग्सबरी, निको क्रिश आणि रिचर्ड स्ट्युअर्ट यांनी याला ‘जागतिक प्रशासकीय कायदा’ असं नाव चिकटवलं, इटलीत साबिनो कासेसे यांनी यावर भरपूर काम केलं, हायडलबर्गची जर्मन मंडळी याच गोष्टीकडे ‘आंतरराष्ट्रीय सार्वजनिक सत्ता’ म्हणून बघतात. परीक्षेपुरती ही नावं लक्षात ठेवा.

२. पण आंतरराष्ट्रीय कायदा देशादेशांत असतो ना? माझा काय संबंध?

पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात न्यूयॉर्कमधली समिती निर्बंधांच्या यादीत नाव टाकते आणि कुठल्यातरी शहरात एका माणसाचं बँक खातं गोठतं, वॉशिंग्टनमध्ये कर्ज मंजूर होतं आणि कुर्ल्यात दुकान तुटतं. मध्ये देश असतो हे खरं, पण तो बऱ्याचदा पोस्टमनसारखा, आलेलं पाकीट घरपोच करणारा. अशा वेळी ‘तुमचं सरकार तुमच्या वतीने बोललं असेल’ हे उत्तर कोणालाच पटत नाही, आणि सगळं भांडण इथूनच सुरू होतं.

३. देशातली कुठली तत्त्वं वर नेता येतात?

आपल्याकडे ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात ती तर आहेतच, म्हणजे बाजू ऐकून घेणं आणि स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश न होणं. त्याशिवाय कारणासहित आदेश, माहिती उघड करणं, प्रमाणबद्धता (माशी मारायला तोफ नको), अधिकारकक्षेच्या बाहेर न जाणं, आणि शेवटी दुसऱ्या कोणीतरी तपासणं. क्रायपाक प्रकरण (१९६९) आठवतंय का? वनसेवेच्या निवड समितीत बसलेला माणूस स्वतःच उमेदवार होता आणि सुप्रीम कोर्टाने निवड रद्द केली, आणि त्यात कोर्टाने हेही म्हटलं की निर्णय प्रशासकीय की न्यायिक ही रेघ आता पुसट झालीय, दोन्हीकडे न्याय्य वागायलाच हवं. ती रेघ जशी पुसली तशीच देशातलं आणि देशाबाहेरचं यांच्यातली पुसायची, असा हा प्रयत्न आहे.

गोची शेवटच्या तत्त्वाची आहे. ऐकून घ्या, कारण द्या, हे कोणीही तोंडाने कबूल करतं, तपासणार कोण? वर आपल्या हायकोर्टासारखं कोर्टच नाही. म्हणून ही तत्त्वं वर पोचलीत ती बहुतेक वेळा खालून कोणीतरी अंमलबजावणी अडवली किंवा पैसा अडवला म्हणून, आपणहून क्वचितच. पुढचे सगळे प्रश्न वाचताना एवढं एकच शोधा, की अडवणारा कोण होता.

४. सगळे ‘कादी, कादी’ करतात, ते प्रकरण काय आहे?

या विषयाची पहिली पायरी. यासीन अब्दुल्ला कादी हे सौदी व्यावसायिक, ऑक्टोबर २००१ मध्ये सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीने (अल कायदाशी संबंध असलेल्यांवर निर्बंध लावणारी) त्यांचं नाव यादीत टाकलं, युरोपातली मालमत्ता गोठली. नोटीस नाही, पुरावा दाखवला नाही, दाद मागायला जागा नाही. ते युरोपियन युनियनच्या कोर्टात गेले. खालच्या कोर्टाने २००५ मध्ये सांगितलं की सुरक्षा परिषदेचा निर्णय आम्ही जवळजवळ तपासूच शकत नाही. वरच्या कोर्टाने ३ सप्टेंबर २००८ ला ते फिरवलं.

फिरवलं कसं ते बघण्यासारखं आहे. कोर्टाने सुरक्षा परिषदेच्या ठरावाला हातच लावला नाही, तो बेकायदा आहे असं म्हटलंच नाही, फक्त एवढं म्हटलं की तो ठराव अमलात आणणारा युरोपचा नियम हा आमचा नियम आहे, आणि आमच्या नियमाला आमचे मूलभूत हक्क लागू होतात, आणि इथे ना बाजू ऐकली ना खरी दाद मिळाली. मालकाला काही बोलायचं नाही, पण त्याचा निरोप आमच्या उंबरठ्याच्या आत आमच्याच रीतीने येईल, असं काहीसं.

नंतर कारणांचा एक सारांश पाठवून नाव परत टाकलं गेलं, परत केस झाली, आणि जुलै २०१३ मध्ये कादी परत जिंकले, कारण दिलेली कारणं पुराव्याने टिकत नव्हती. गंमत म्हणजे तोवर, ऑक्टोबर २०१२ मध्ये, संयुक्त राष्ट्रांनीच त्यांचं नाव काढून टाकलं होतं.

५. मग संयुक्त राष्ट्रांनी काही सुधारणा केली की नाही?

केली, पण दबावाखाली आणि अर्धीच. डिसेंबर २००९ मध्ये ठराव १९०४ ने ओम्बड्सपर्सन (यादीतल्या माणसाचा अर्ज तपासून शिफारस करणारा स्वतंत्र अधिकारी) नेमायचं ठरलं आणि २०१० मध्ये किम्बर्ली प्रोस्ट या कॅनडाच्या न्यायाधीश पहिल्या ओम्बड्सपर्सन झाल्या. २०११ च्या ठराव १९८९ नंतर तर ओम्बड्सपर्सनने नाव काढा म्हटलं की ६० दिवसांनी ते आपोआप निघतं, ते अडवायचं तर समितीच्या सगळ्या सदस्यांचं एकमत लागतं, नाहीतर विषय परिषदेकडे न्यावा लागतो. कागदावर ही शिफारस आहे, पण निकालाच्या बरीच जवळ जाणारी.

आता मेख. ही सोय फक्त अल कायदा आणि आयसिसच्या यादीसाठी आहे. बाकीच्या निर्बंध याद्यांवर नाव आलं तर ओम्बड्सपर्सन नाही, फक्त एक खिडकी आहे, जी २०२४ पर्यंत नुसता अर्ज पुढे सरकवायची. यादी तीच परिषद करते, पण तुमचं नाव कुठल्या यादीत आलं यावर तुमचा हक्क ठरतो, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

६. भारत तर नेहमी याच १२६७ समितीवर ओरडत असतो, मसूद अझरच्या वेळी. ते उलटं नाही का?

चांगला प्रश्न, आणि हा खूप जण विचारतात. उलटं वाटतं, पण दुखणं एकच आहे. समितीत १५ सदस्य, निर्णय एकमताने, त्यामुळे एकाने ‘होल्ड’ टाकला की प्रस्ताव लटकला, आणि होल्ड का टाकला हे जाहीर सांगायची सक्ती नाही. भारताने २००९ पासून मसूद अझरचं नाव लावायचा प्रयत्न केला, चीनचे होल्ड येत राहिले, शेवटी १ मे २०१९ ला नाव लागलं. म्हणजे कारणासहित आदेश हा फक्त आरोपीच्या कामाचा नाही, अर्जदाराच्याही कामाचा आहे. आपल्याकडे परवान्याचा अर्ज कारण न देता दाबून ठेवला तर आपण काय म्हणतो? तेच.

फक्त भारताच्या भूमिकेत थोडी सोयही आहे. नाव लागत नाही तेव्हा पारदर्शकता आठवते, यादीतल्या माणसाला पुरावा दाखवायचा मुद्दा आला की आपलाही आवाज जरा बारीक होतो. बहुतेक देशांचं असंच आहे म्हणा.

७. यात महाराष्ट्राचा खरंच काही संबंध आहे का, की ओढूनताणून?

ओढूनताणून अजिबात नाही. वर्ल्ड बँकेचं इन्स्पेक्शन पॅनेल, म्हणजे लोकांनी थेट आंतरराष्ट्रीय संस्थेविरुद्ध तक्रार करायची पहिली मोठी सोय, ती ज्या भांडणांतून जन्मली त्यातलं सगळ्यात मोठं नर्मदेचं. बँकेने १९८५ मध्ये सरदार सरोवरसाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, तेव्हा धुळे जिल्हा, आता नंदुरबार. आंदोलन इतकं पेटलं की बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा नेमावा लागला, जून १९९२ मध्ये अहवाल आला, त्यात म्हटलं होतं की पुनर्वसन आणि पर्यावरणाच्या बाबतीत बँकेने स्वतःचेच नियम पाळलेले नाहीत. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून सांगितलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेच्या कार्यकारी मंडळाने पॅनेलचा ठराव केला.

मणिबेलीसारख्या बुडितातल्या गावातल्या माणसाला यातून काय मिळालं, असं विचाराल तर फार काही नाही, धरण झालंच. पुढच्यांना दार मिळालं, त्यांना पाणी.

८. मग पुढे कोणी ते दार वापरलं का?

मुंबईकरांनीच वापरलं. मुंबई अर्बन ट्रान्सपोर्ट प्रोजेक्ट म्हणजे एमयूटीपी, रेल्वे आणि रस्ते, साधारण १ लाख २० हजार लोकांना हलवायचं होतं. २००४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या पट्ट्यातल्या लोकांनी, त्यात बरेच दुकानदार, पॅनेलकडे तक्रारी केल्या. मुद्दा सोपा होता. झोपडी असो की चालू धंद्याचं मोठं दुकान, सगळ्यांना २२५ चौरस फुटांच्या मापात बसवायचं चाललं होतं, आणि धंदा उठला तर कमाईचं काय, नवीन जागा कुठे, कुठल्या कागदावरून ठरलं, हे धड कोणी सांगत नव्हतं. डिसेंबर २००५ च्या अहवालात पॅनेलने बँकेच्या बऱ्याच चुका दाखवल्या, बाधित दुकानदारांकडे नीट लक्ष न देणं, माहिती न पोचणं, तक्रार निवारण कमकुवत असणं. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे थांबवले आणि काही महिन्यांत, अटींवर काम सुरू झाल्यावर, परत सोडले.

पैसे थांबले तेव्हा सरकारी फायली कशा हलल्या असतील ते वेगळं सांगायला नको. प्रश्न ३ मधलं ‘अडवणारा कोण’ इथे लावून बघा.

९. पॅनेलकडे तक्रार कशी करायची आणि भरपाई मिळते का?

भरपाई नाही, हे आधीच डोक्यात ठेवा, खूप लोकांचा इथेच हिरमोड होतो. पॅनेल एकच बघतं, बँकेने स्वतःची धोरणं पाळली का आणि न पाळल्याने तुमचं नुकसान झालं किंवा होणार आहे का. एमएमआरडीएने (मुंबई महानगर विकास प्राधिकरण) किंवा राज्य सरकारने काय केलं यावर ते निकाल देत नाही. तक्रार दोन किंवा जास्त बाधित लोकांनी करायची, वकील लागत नाही, स्वतःच्या भाषेत लिहिली तरी चालते, नाव गुप्त ठेवायची विनंती करता येते. त्याआधी बँकेच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती हे दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येक पत्राची पोच जपून ठेवा. मुदतही असते, कर्ज बंद होऊन काळ लोटला की दार बंद. २०२० पासून चौकशीऐवजी मध्यस्थीने तडजोड करायची वेगळी सोयही झालीय.

आणि कर्ज सरकारला नसून खाजगी कंपनीला असेल, म्हणजे आयएफसीचं (वर्ल्ड बँक गटातली खाजगी कंपन्यांना कर्ज देणारी संस्था), तर पॅनेल नाही, तिथे तक्रारींसाठी सीएओ नावाचं वेगळं ऑफिस आहे, १९९९ पासून.

१०. त्यापेक्षा सरळ मुंबई हायकोर्टात अनुच्छेद २२६ खाली रिट (सरकारी कृतीला आव्हान देणारी याचिका) टाकली तर?

आंतरराष्ट्रीय संस्थेविरुद्ध टाकली तर बहुधा पहिल्याच तारखेला परत याल. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट आहे, कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी. तिथल्या कर्मचाऱ्याची केस, जी. बस्सी रेड्डी, २००३ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली आणि कोर्ट म्हणालं की ही संस्था अनुच्छेद १२ मधलं ‘राज्य’ (म्हणजे ज्याच्याविरुद्ध मूलभूत हक्क मागता येतात ते) नाही आणि तिच्यावर रिटही चालत नाही. संयुक्त राष्ट्रांना तर १९४७ च्या कायद्याने कवच आहेच.

पण आपल्या सरकारविरुद्ध, महापालिकेविरुद्ध, एमएमआरडीएविरुद्ध रिट चालते, कर्ज कुणाचंही असो. ‘वर्ल्ड बँकेची अट होती’ हे उत्तर आपल्या कोर्टात मूलभूत हक्कांसमोर टिकायला नको, कादीत युरोपच्या कोर्टाने जे केलं त्याचा सांधा इथेच जुळतो.

११. आणि अमेरिकेत केस केली तर? मुंद्राच्या लोकांनी केली होती म्हणे.

केली होती. गुजरातमधल्या मुंद्राच्या औष्णिक प्रकल्पाला आयएफसीने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज दिलं (आकडा प्रश्न ७ मधलाच, योगायोग), कंपनी टाटा पॉवरची. मच्छीमार आणि शेतकरी आधी सीएओकडे गेले, सीएओने आयएफसीच्या चुका दाखवल्या, वर फार काही हललं नाही, मग अमेरिकेत दावा. २७ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ ने सांगितलं की अशा संस्थांना संपूर्ण कवच नाही, परदेशी सरकारांना असतं तेवढंच, आणि व्यापारी व्यवहारात ते गळतं. आपल्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते. पण खालच्या कोर्टांनी पुढे म्हटलं की दाव्याचा गाभा भारतात घडलेल्या गोष्टींचा आहे, अमेरिकेतल्या व्यवहाराचा नाही, म्हणून कवच कायम, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत ऐकायला नकार दिला. तत्त्व जिंकलं, कोळी हरले.

हैतीत याहून वाईट. २०१० मध्ये शांतिसेनेच्या छावणीतून नदीत गेलेल्या घाणीमुळे कॉलरा पसरला, सुमारे १० हजार माणसं गेली. संयुक्त राष्ट्रांच्या १९४६ च्या करारातच लिहिलंय की खाजगी दावे सोडवायची सोय संस्थेने करावी, म्हणजे कवचाच्या बदल्यात दिलेला शब्द. सोय झालीच नाही, आणि न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने ऑगस्ट २०१६ मध्ये सांगितलं, सोय केली नाही तरी कवच जात नाही. त्या डिसेंबरात बान की मून यांनी माफी मागितली.

१२. वाडा, फिफा या तर खाजगी संस्था, त्यांना पब्लिक लॉ कसा लागू होईल?

हा प्रश्न आपण बीसीसीआयच्या निमित्ताने चघळलाय. २००५ च्या झी टेलिफिल्म्स प्रकरणात ३ विरुद्ध २ ने ठरलं की बीसीसीआय ‘राज्य’ नाही, पण सार्वजनिक काम करते म्हणून २२६ खाली तिला हायकोर्टात खेचता येतं. कागदावर खाजगी, कामाने सार्वजनिक.

वाडा तशीच, स्विस कायद्याखालचं फाउंडेशन. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवचं आठवा, २०१६, रिओ. नाडाने (भारतातली डोपिंगविरोधी संस्था) सोडलं, वाडाने क्रीडा लवादाकडे अपील केलं, आणि लढतीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी. बंदी बरोबर की चूक यात मी पडत नाही, पण चार वर्षांचं करिअर असं धावपळीत ठरावं का, हा प्रश्न कुठल्याही प्रशासकीय कायद्याच्या विद्यार्थ्याला पडायलाच हवा. पुढे ऑक्टोबर २०१८ मध्ये जर्मन स्केटर क्लाउडिया पेखश्टाइनच्या प्रकरणात युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने म्हटलं की खेळायचं असेल तर लवाद मान्य करावाच लागतो, म्हणजे तो स्वखुशीचा नाही, म्हणून मागितल्यावर उघड सुनावणी द्यायला हवी होती. इथे अडवणारा मिळाला, कारण लवाद स्वित्झर्लंडमध्ये बसतो आणि तो देश त्या कोर्टाला बांधलेला आहे.

१३. या संस्थांना आरटीआय टाकता येतो का?

थेट नाही. पण वर्ल्ड बँकेचं स्वतःचं माहिती धोरण जुलै २०१० पासून आहे, ‘उघड हा नियम, गुप्त हा अपवाद’ अशा धर्तीवर, आणि नकाराविरुद्ध अपीलही आहे. दुसरा रस्ता, त्याच कागदांची प्रत केंद्राच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे किंवा प्रकल्प राबवणाऱ्या आपल्या संस्थेकडे असते, तिथे आरटीआय टाका. परदेशी सरकार किंवा संबंधांचं कारण देऊन नकार देणारं आरटीआयचं कलम ८ पुढे येईल, तरी प्रयत्न करा.

गुप्ततेची किंमत पुणेकरांना वेगळी सांगायला नको. जून २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महामारी जाहीर केली, ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, मास्कसाठी रांगा लागल्या. महामारी जाहीर करताना ज्या तज्ज्ञ समितीचा सल्ला घेतला तिची नावं मात्र महामारी संपेपर्यंत, ऑगस्ट २०१० पर्यंत, जाहीर केली नाहीत. कारण दिलं की तज्ज्ञांवर दबाव येऊ नये. पण नावं झाकल्यामुळेच औषध कंपन्यांशी कोणाचे संबंध होते का ही शंका वाढत गेली. आता नावं जाहीर होतात.

१४. एका देशाच्या अधिकाऱ्याने दुसऱ्या देशातल्या व्यापाऱ्याचं ऐकायचं, असं काही असतं का?

असतं. अमेरिकेने कासव वाचवणारी जाळी न वापरणाऱ्या देशांची कोळंबी बंद केली, भारत, पाकिस्तान, मलेशिया आणि थायलंड डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटना) गेले. ऑक्टोबर १९९८ मध्ये अपील मंडळाने कासवं वाचवायला नाही म्हटलं नाही, पण परवानगीची पद्धत धरली, अर्जदार देशाला सुनावणी नाही, नकाराचं लेखी कारण नाही, अपील नाही. म्हणजे प्रश्न १ मधले चार प्रश्नच, फक्त विचारणारा देश.

१५. विशाखा केस (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलची) याचंच उदाहरण ना?

नाही, ती उलट दिशा. तिथे आंतरराष्ट्रीय करार खाली देशात आणला, इथे देशातलं तत्त्व वर चाललंय. पेपरात घोळ करू नका.

१६. संस्थेने अधिकारकक्षा ओलांडली तर कोण सांगणार?

क्वचित आंतरराष्ट्रीय न्यायालय सांगतं, तेही सल्ला म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने अण्वस्त्रांच्या वापराच्या कायदेशीरपणाबद्दल विचारलं होतं, तेव्हा १९९६ मध्ये न्यायालय म्हणालं की हे तुमच्या कामात बसत नाही, आणि उत्तरच दिलं नाही. पण सुरक्षा परिषदेला कोणी असं थेट कोर्टात उभं करू शकत नाही.

१७. हे सगळं पाश्चात्त्यांनी आपलं कायद्याचं मॉडेल जगावर लादणं नाही का?

आक्षेप खरा आहे, आणि तो जेएनयूत प्राध्यापक राहिलेल्या बी. एस. चिमणी यांनी सुरुवातीपासून मांडलाय. सुनावणी दिली, कारण दिलं, वेबसाइटवर टाकलं, पण बँकेत मतं पैशाच्या हिशोबात आणि परिषदेत पाचांना व्हेटो, तर पद्धत चकाचक होते आणि सत्ता जिथल्या तिथे राहते. उलट ‘बघा किती पारदर्शक’ म्हणून त्याच सत्तेला रंगरंगोटी मिळते.

माझं मत विचाराल तर हा आक्षेप मान्य करूनही मी पद्धत सोडणार नाही. लिंक रोडवरच्या दुकानदाराला बँकेतली मतसंख्या बदलायची नव्हती, त्याला कुठल्या कागदावरून आपल्याला उठवतायत ते बघायचं होतं. ते बघायला मिळणं छोटं असेल, फुकटचं नाही.

१८. तातडी असेल तर आधी सुनावणी कशी देणार? दहशतवाद्याला नोटीस पाठवली तर तो पैसे काढून पळेल.

बरोबर, आणि कादीच्या कोर्टानेही हे मान्यच केलं होतं, खातं गोठवण्यात अचानकपणा लागतोच. म्हणून आधी नाही तर नंतर, पण लवकर, कारण कळवा आणि ऐका. आपल्याकडे मनेका गांधी प्रकरणात (१९७८) हेच झालं, १९७७ मध्ये पासपोर्ट जप्त केला, कारण द्यायला सरकारने जनहिताचं नाव सांगून नकार दिला, आणि शेवटी नंतर सुनावणी देऊ असं आश्वासन कोर्टात द्यावं लागलं.

खरी अडचण त्याच्या पुढची, पुरावा गुप्तचर खात्याचा असेल तर ऐकायचं काय, ज्याला उत्तर द्यायचं तेच दाखवत नाहीत. २०१३ च्या निकालात युरोपच्या कोर्टाने सांगितलं की कोर्टाला दाखवा, माणसाला निदान सारांश द्या, आणि तेही देणार नसाल तर जेवढं उघड आहे तेवढ्यावरच आम्ही निकाल देऊ. ओम्बड्सपर्सनला मात्र गुप्त माहिती द्यायची की नाही हे अजूनही प्रत्येक देश आपल्या मर्जीने ठरवतो.